रिव्हॉल्व्हर ठाण्यात आहे तोवर पेटी बसवायची: ग्वाल्हेरच्या घरातल्या नोंदी

24 मार्च 2024

निवडणुकीची आचारसंहिता 16 तारखेला लागली. ग्वाल्हेरचं मतदान 7 मेला, निकाल 4 जूनला. म्हणून काल रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेतली. आता जूनपर्यंत घरात हत्यार नाही, तेव्हा ते कुलपात ठेवायच्या पेटीचं काम उरकायला हाच मुहूर्त. हेच काम काढणाऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवतोय.

थोडं मागचं सांगतो. .32 बोरचं रिव्हॉल्व्हर, सहा गोळ्यांचं. बाबांनी 1986 साली घेतलं. ग्वाल्हेरजवळच्या डबऱ्याकडे शेती, हंगामात रोकड घेऊन रात्रीचं परतावं लागायचं आणि तेव्हा तो रस्ता आजच्यासारखा नव्हता. शस्त्र नियम 2016 प्रमाणे परवानाधारक 70 वर्षांचा झाला, किंवा हत्यार 25 वर्षं त्याच्याकडे असलं, की हयातीतच ते वारसाच्या नावावर करता येतं. बाबा 76. फेब्रुवारीत परवाना माझ्या नावावर झाला.

38 वर्षं ते गोदरेजच्या कपाटात, वरच्या खणात, आईच्या शालूखाली पडून होतं. कपाटाची किल्ली देवघरात, शंखामागे. घरातल्या प्रत्येकाला ठाऊक. मागच्या महिन्यात मुलगी ओवी (वय 9) जेवताना सहज म्हणाली, "आजोबांचं ते जड खेळणं कपाटात आहे ना, शालूखाली?" वाटीतली आमटी ढवळत होती, मान वर केली नाही. आम्ही चौघे मोठे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

त्या रात्री गोळ्या दुकानात नेऊन कुलपात टाकल्या. हा उपाय झाला नाही, पण झोप तरी लागली.

31 मार्च

काय हवं ते कागदावर मांडलं. पहिली ओळ लिहिली: "रात्री अंधारात तीन सेकंदांत उघडली पाहिजे." ही ओळ पुढे किती नडली ते येईलच.

लोहिया बाजारात दोन तास घातले. तिथे तिजोऱ्या मिळतात, पण दागिन्यांच्या आणि रोकडीच्या. दीड-दोनशे किलोच्या, दोन किल्ल्यांच्या. बंदुकीसाठी म्हटल्यावर एकाने सहा फुटी लोखंडी कपाट दाखवलं. 12 बोरच्या दुनाळीला ते ठीक आहे. आमच्या मामांची दुनाळी अशाच कपाटात असते, नळ्या आणि दस्ता वेगवेगळे करून. वीतभर रिव्हॉल्व्हरला मात्र छोटी पेटी लागते.

छोट्या पेट्या तीन तऱ्हेच्या दिसल्या: आकडे दाबायच्या, बोट लावायच्या आणि कार्ड टेकवायच्या. चौथी तऱ्हा म्हणजे विजेशिवाय, नुसत्या यांत्रिक बटणांवर चालणारी. मला मनापासून आवडली ती हीच. न सेल, न सर्किट. पण इथे कुणाकडे नव्हती आणि बाहेरून मागवायची तर पेटीपेक्षा भाडं जड.

7 एप्रिल

पहिली पेटी आली. ऑनलाइन, 4,200 रुपये. हॉटेलच्या खोलीत असते तशी: आकडे दाबा, हिरवा दिवा लागला की गोल मूठ फिरवा.

माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. वीस वर्षं कॉइल गुंडाळतोय, त्यामुळे पेटी हातात येताच आधी मागचं झाकण काढलं. आत अंगठ्याएवढा सोलेनॉइड. आकडे बरोबर पडले की कॉइलला वीज मिळते, खिळा आत ओढला जातो, मूठ मोकळी होते. वीज नसताना त्या खिळ्याला जागेवर धरून ठेवते ती फक्त एक स्प्रिंग, बॉलपेनात असते तेवढीच. म्हटलं, एवढ्याशा स्प्रिंगवर भरवसा? वरून दणका दिला तर खिळा उडायलाच हवा. पेटी पलंगावर ठेवून थापटून पाहिली. चौथ्या-पाचव्या खेपेला आकडा न दाबताच दार उघडलं.

बायको दारात उभी होती. "म्हणजे ही पेटी पडली तर आपोआप उघडेल?" असं तिने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

परत पाठवली. पैसे मिळाले, पॅकिंग आणि हमालीचे 350 गेले. दागिन्यांनाही अशी पेटी घेऊ नका. दुकानदाराला एवढंच विचारा: आत सोलेनॉइड आहे की मोटर? त्याला सांगता आलं नाही तर पुढचं दुकान गाठा.

14 एप्रिल

पाडवा, मग पाहुणे. आठवडा फुकट गेला. एका चुलत मेहुण्याने मुलाच्या वरातीसाठी रिव्हॉल्व्हर मागितलं, "दोनच फैर". शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीपासून असा आनंदाचा गोळीबार थेट गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ते समजावत बसण्यापेक्षा "ठाण्यात जमा आहे" हे तीन शब्द पुरले. आचारसंहितेचे असेही फायदे.

21 एप्रिल

दुसरी पेटी, बोटाच्या ठशाची, 9,800 रुपये. खरं सांगायचं तर मन हिच्यावरच बसलं होतं. दिसायला देखणी, दार गॅसच्या दांड्यावर अलगद वर येतं, आत निळा दिवा.

या पेटीने मला एक आठवडा वेड्यासारखं वागायला लावलं.

पहिला दिवस. पुस्तिकेप्रमाणे माझं बोट नोंदवलं, बीप वाजला, बोट लावलं, उघडली. खूश. संध्याकाळी शेजारचे काका आले, त्यांनी गंमत म्हणून बोट लावलं तर त्यांनाही उघडली! मग बायकोला, मग ओवीला, सगळ्यांना उघडली. पुस्तिका पुन्हा वाचली. नवी पेटी कुठल्याही बोटाला उघडते, पहिला ठसा नीट नोंदला जाईपर्यंत. नोंद झाली की दोन लांब बीप, फसली की एक आखूड. माझा एक आखूड वाजला होता आणि मी तो शाबासकीचा समजलो होतो.

यावर हसून सोडून दिलं असतं, पण अमेरिकेत ऑक्टोबर 2023 मध्ये अशाच घोळापायी सुमारे 61,000 बायोमेट्रिक गन सेफ परत मागवाव्या लागल्या. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या सूचनेत 12 वर्षांच्या एका मुलाच्या मृत्यूवरून चाललेल्या खटल्याचा उल्लेख आहे. मालकाला वाटतं ठसा नोंदला, आणि पेटी सगळ्या जगाला उघडी. तेव्हा ठशाची पेटी घेतलीत तर पहिलं काम हे: घरातल्या दुसऱ्या कुणाचं तरी बोट लावून ती उघडत नाही याची खात्री करा. आपल्या बोटाला उघडते यावरून काहीच सिद्ध होत नाही.

नीट नोंदवल्यावर मोजमाप केलं. प्रत्येक वेळी 50 खेपा. रात्री हात धुऊन, कोरडे करून: 46 वेळा उघडली. दुकानातून आल्या आल्या, बोटांवर वॉर्निशचा थर असताना: 29. ओल्या हातांनी: 11. माझ्या बोटांची कातडी तांब्याच्या तारेने घासली गेलीय, हे मला माहीत होतं. इतकी, हे नव्हतं. आईचं बोट तर नोंदलंच गेलं नाही. ती म्हणाली, "रेशनच्या दुकानातही माझा अंगठा लागत नाही, तुझी पेटी काय घेऊन बसलास."

आता, जिच्यासाठी ही पेटी घ्यायची ती वेळ कोणती? मध्यरात्री, घाबरलेला, घामेजलेला हात, बाहेर कूलर चालू. म्हणजे 46 वाला हात नव्हे, 11 वाला. परत पाठवली, मुदत संपायला एक दिवस उरला होता.

28 एप्रिल

तिसरी पेटी, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्याच एका दुकानातून, 13,500 रुपये. आकडे आणि अडचणीसाठी किल्ली, ठसा नाही. वजन 11 किलो, दार 5 मिमी, दोन जाड बोल्ट. दुकानातच स्क्रू-ड्रायव्हर मागून मागचं झाकण काढलं (मालक वैतागला, पण काढू दिलं). आत छोटी मोटर आणि वर्म गिअर. दणक्याने वर्म गिअर उलटा फिरत नाही. तरी काउंटरवर दहा-बारा थापा मारल्या. ढिम्म.

आकडा ठरवायला रात्री बैठक बसली. मी जन्मतारीख म्हणालो, बायकोने हाणून पाडलं. बाबा म्हणाले, "1858 ठेवा. राणीसाहेबांचं वर्ष. विसरायची सोय नाही." फूलबागेतली राणी लक्ष्मीबाईंची समाधी आमच्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटांवर आहे आणि बाबा तिथून जाताना आजही हात जोडतात. ठेवला.

पेटीत दुकानातला पाव किलोचा पाना टाकला, रिव्हॉल्व्हरच्या जागी. काम पूर्ण होईपर्यंत हाच पाना राहील. खरं हत्यार ठेवून कुणी चाचण्या करू नयेत.

29 एप्रिल

दुकानातून आलो तर ओवी पाना घेऊन सोफ्यावर.

"कसं उघडलंस?"

"आधी माझा वाढदिवस टाकला. मग घर नंबर. मग आजोबा नेहमी सांगतात ना राणीचं, ते."

तीन खेपा. पेटी तीन चुकांनंतर वीस सेकंद बंद पडते, ही तिसऱ्याच खेपेला आत. बाबा पेपरमागे गेले ते जेवणापर्यंत बाहेर आले नाहीत.

नवा आकडा सहा अंकी, कुठल्याही तारखेशी, गाडीशी, फोनशी नातं नसलेला. दुकानातल्या जुन्या बिलबुकातल्या दोन बिलांच्या क्रमांकांचे तुकडे जोडून केला. शिवाय दर वेळी उघडून झाल्यावर सगळ्या बटणांवरून फडकं फिरवायचं. आधीच्या आकड्याच्या तीन बटणांवर बोटांची चकाकी आली होती, 1, 5 आणि 8 आरशासारखे. बटणांचा बीप पुस्तिकेप्रमाणे बंद केला. रात्री तो आवाज शेजारच्या खोलीत ऐकू जात होता.

5 मे

आता भिंत. 11 किलोची पेटी मोकळी ठेवली तर ती चोराच्या सोयीची, बगलेत मारली की झालं. पक्की बसवायलाच हवी, तिच्या तळात चार भोकं त्यासाठीच असतात.

आमचं घर शंभर वर्षांपुढचं. भिंती वीस इंची, वालुकाश्माच्या, चुन्यातल्या. बाहेरून आणि आतून घडीव दगड, मधे रोडे आणि चुन्याची भर. झोपायच्या खोलीत दाराआड एक कोनाडा आहे, तीच जागा ठरवली: पेटी कोनाड्यात, मागे भिंतीला चार बोल्ट.

पेटीच्या पाठीत भोकं नव्हती, म्हणून आधी ती पाडायला निघालो. बायकोने विचारलं, पाठीला भोकं पाडल्यावर वॉरंटी राहील का? नाही राहत. पण मी ऐकलं नाही, भिंतीत आधी फास्टनर (भोकात फुलून घट्ट बसणारे बोल्ट) ठोकून बघू म्हटलं. 10 मिमीचे सहा, 240 रुपये. हॅमर ड्रिल दिवसाला 300 भाड्याने. पहिलं भोक दगडात बरं गेलं, चार इंचांवर ड्रिल एकदम आत बुडालं: भर लागली. फास्टनर कसला तर नुसता गरगर फिरला. शेवटी चिमटीने बाहेर आला, मागून मूठभर चुना.

12 मे

मतदान झालं, पण आचारसंहिता निकालापर्यंत, त्यामुळे वेळ आहे.

कुणीतरी केमिकल अँकर सुचवला, भोकात भरायची राळ, 650 रुपयांची एक नळी. घट्ट दगडात, काँक्रीटमध्ये उत्तम असेल. इथे पहिल्याच भोकात अख्खी नळी रिकामी झाली आणि भोक तसंच आ वासून. राळ सगळी भिंतीच्या पोटात वाहून गेली. आमच्यासारख्या जुन्या चुन्याच्या भिंतीत हे करायचं तर भोकात जाळीची नळी घालून मग राळ भरतात, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

650 रुपये भिंतीला पाजले, असं आता घरात म्हटलं जातं.

19 मे

बोलावलेला मिस्त्री साठीचा, चार पिढ्या दगडातलं काम. त्याने कोनाड्यात हात फिरवला आणि म्हणाला, "भैया, दीवार को क्यों छेड़ रहे हो, पटिया बदलो।"

कोनाड्याचा तळ म्हणजे एक सुटी दगडी पटिया, दोन इंच जाड, चुन्यात बसवलेली. ती काढायची, नव्या पटियेला जमिनीवर भोकं पाडायची, खालून 6 मिमीची लोखंडी पट्टी आणि बोल्ट घालायचे, पटिया पुन्हा सिमेंटमध्ये बसवायची. बोल्टची डोकी दगडाखाली गाडली जातात, नट पेटीच्या आत येतात. पेटी काढायची तर पेटी उघडावी लागेल, नाहीतर कोनाडा फोडावा लागेल. तळातल्या तयार भोकांतूनच बोल्ट येतात, वॉरंटी शाबूत.

दोन आठवडे मी ज्याला भिंतीचा प्रश्न समजत होतो तो मिस्त्रीने पाच मिनिटांत तळाचा करून टाकला.

पहिली पटिया मी फोडली. ड्रिलचा हॅमर चालू राहिला होता; तिसऱ्या भोकाला टक्क असा आवाज आला आणि दगड एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत चिरला. 400 रुपये. दुसरीला हॅमर बंद, फेरे कमी आणि ओवीने वरून लोट्याने पाण्याची धार धरली. एका भोकाला वीस मिनिटं. वालुकाश्म असा पाण्याखाली कापला की लालसर गाळ निघतो, मातीच्या विटेसारखा, आणि भोक बांगडीसारखं गोल येतं.

मिस्त्री दोन दिवस, 900 रोजाने. पट्टी आणि बोल्ट 380. सिमेंट सात दिवस ओलं ठेवायचं, नट कसायची घाई करायची नाही.

26 मे

पेटी बसली. आणि दार उघडेना. म्हणजे उघडतं, पण कोनाड्याच्या बाजूच्या दगडाला आपटून अर्ध्यावर थांबतं. बिजागरी डावीकडे, भिंतही डावीकडे. एवढं मोजायचं राहिलं होतं. बोल्ट दगडात गाडलेले, पेटी उजवीकडे सरकवायची सोय नाही. सुदैवाने तळाची भोकं लांबट आहेत. पेटी पाऊण इंच पुढे ओढली, आता दार काटकोनात येतं, हात सरळ जातो. कोनाड्यात पेटी बसवणाऱ्यांनी दार उघडल्यावर लागणारी जागा आधी पुठ्ठ्याने मोजावी.

पारा 45 च्या वर आहे, दुपारी वीज जाते. पेटी सेलवर चालते, तिला विजेचं काय, असं वाटलं होतं. आज सकाळी आकडा दाबला तर मोटर घुर्र करून मधेच थांबली. चार सेल घरातले, रिमोटचे, स्वस्तातले. मीटर लावला: मोकळे 6.2 व्होल्ट, मोटर फिरताना 4.1. सेल उतरलेले नव्हते, अंगात जोर नव्हता. अल्कलाइन घातले: मोकळे 6.3, मोटर फिरताना 5.6. रिचार्जेबल चालतात, पण ते मुळात 1.2 व्होल्टचे, त्यामुळे सेल संपल्याचा लाल दिवा कायम लागून राहतो आणि खरंच संपले तर कळत नाही. अल्कलाइनच घाला.

बटणांच्या पाटीखाली दोन धातूचे ठिपके आहेत. आतले सेल गेले तर बाहेरून 9 व्होल्टचा चौकोनी सेल टेकवून आकडा दाबता येतो. सेल काढून करून पाहिलं, उघडली. तो चौकोनी सेल बाहेरच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय. दोन्ही किल्ल्या कंपनीने पेटीच्या आतच दिल्या होत्या आणि मी त्या तशाच आत ठेवून पंधरा दिवस काढले, हेही लिहून ठेवतो.

2 जून

आकडा कुणाकुणाला सांगायचा?

एप्रिलमध्ये ठशाच्या पेटीत मी बायकोचं, बाबांचं बोट बिनधास्त नोंदवलं होतं. तेव्हा डोक्यातच आलं नाही. परवाना माझ्या एकट्याच्या नावावर आहे. ज्याच्याकडे परवाना नाही त्याच्या ताब्यात हत्यार देणं कायद्याला चालत नाही, मग तो बाप असो की बायको. बायकोला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "बरं झालं, मला नकोच होता तो आकडा." बाबांना सांगायला चार दिवस लागले.

मी म्हटलं, "बाबा, आकडा मी कुणालाच सांगणार नाहीये. तुम्हालाही नाही."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "38 वर्षं सांभाळलं मी ते. एकदाही चालवायची वेळ आली नाही. आता तू मला त्याच्यापासून सांभाळणार."

रागाने म्हणाले नाहीत, ते जास्त लागलं.

याच बोलण्यातून आणखी एक गोष्ट उघडी पडली. मी सकाळी दहा ते रात्री नऊ दुकानात असतो. आकडा मला एकट्यालाच ठाऊक, म्हणजे दिवसाचे अकरा तास ही पेटी तीन सेकंदांत काय, तीन तासांतही उघडणार नाही. आणि रात्री? गोळ्या मी वेगळ्या कुलपाच्या डब्यात ठेवायचं ठरवलंय. अंधारात पान्यावर सराव करून पाहिला: पेटी उघडायला 6 सेकंद, चष्मा शोधायला 4, दुसरा डबा उघडायला 15. पहिल्या कागदावरच्या "तीन सेकंद" या ओळीवर आज काट मारली. त्या ओळीपायी मी ठशाच्या पेटीत 9,800 गुंतवायला निघालो होतो. खरं काम केलं ते मोटरने, दगडाने आणि बिलबुकातल्या आकड्याने.

किल्ल्या: एक दुकानात गल्ल्याच्या कुलपात, एक बँकेच्या लॉकरमध्ये. देवघरातला शंख आता रिकामा आहे.

11 जून

निकाल लागला, आचारसंहिता उठली. ठाण्यातून रिव्हॉल्व्हर सोडवून आणलं. पावती आणि परवाना दाखवा, क्रमांक जुळवा, सही करा. रांग मोठी होती, साडेतीन तास. घरी आणून रिकामं आहे हे दोनदा पाहिलं, पेटीत ठेवलं, पाना दुकानात परत.

खर्च: पेटी 13,500, पहिल्या पेटीचे बुडाले 350, फास्टनर 240, ड्रिलचं भाडं 300, राळ 650, दोन पटिया 800, मिस्त्री 1,800, पट्टी-बोल्ट 380, सेल 280. एकूण 18,300. यातले जवळपास दोन हजार निव्वळ माझ्या घाईचे. वेळ अकरा आठवडे, पण कामाचे दिवस मोजले तर नऊ.

17 जुलै

आज आषाढी. पावसाला सुरुवात झाल्यावर पहिल्यांदाच पेटी नीट तपासली आणि बरं झालं तपासली. आतला काळा स्पंज दमट लागला. रिव्हॉल्व्हर त्यावर ज्या बाजूने टेकलेलं होतं त्या बाजूला नळीवर तांबूस ठिपके, मोहरीएवढे तीन. सिलिका जेलची निळी पुडी पार गुलाबी. दगडी भिंत पावसाळ्यात पाणी धरते आणि पेटी दगडावर बसलेली. हे मे महिन्यात सुचायला हवं होतं. स्पंज उपटून फेकला, खाली नमदा घातला, पेटी आणि पटिया यांच्यामध्ये रबराच्या चकत्या सारल्या. 220 रुपये. चामड्याचं म्यान बाहेर काढलं, तेही ओल धरतं.

मग तेलपाणी. मी खाली सतरंजीवर, बाबा खुर्चीत, दोन्ही हात मांडीवर.

"आधी चक्री बाहेर काढ. रिकामी आहे? मला दाखव. परत दाखव. आता फडकं. अरे, इतकं तेल नको, पोळ्या लाटतोयस का?"

तिन्ही ठिपके निघाले. गुलाबी सिलिका बाबांनी स्वतः गच्चीत उन्हाला घातली, उघडीप बघून, पापडासारखी. सेल आणि सिलिका बदलायचं खातं त्यांनी आपल्याकडे घेतलंय, म्हणजे बदलायचे मी आणि आठवण त्यांनी करायची. कालनिर्णयवर खंडेनवमीच्या चौकटीत त्यांनी लाल पेनाने लिहिलं: "पूजा. सेल नवीन. गोळ्या दुसऱ्या डब्यात." पुढची नोंद त्यानंतर.